सीझन संपला की नेतो

९ फेब्रुवारी

चिरंजीव भाचेबुवा,

आशीर्वाद आहेतच, पण ते पत्राच्या शेवटी घे. आधी चार शब्द ऐकून घे. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" करतोस आणि काउंटरवरची घंटी वाजली की ठेवून देतोस. कागदाला घंटी ऐकू येत नाही.

काल घरी पोचले. तुझ्या लॉजबद्दल तक्रार नाही. चादरी स्वच्छ, पाणी गरम, आणि उशीवर "आपले स्वागत आहे" असं छापलेलं कार्ड. सख्ख्या मावशीच्या उशीवर. तेव्हाच माझं डोकं फिरायला हवं होतं, पण म्हटलं, धंदा आहे, हाताच्या सवयीने ठेवलं असेल.

ते फिरलं तिसऱ्या दिवशी. दुपारी डोकेदुखीची गोळी मागायला तुझ्या आईला शोधत खाली आले. स्वयंपाकघरात नाही, अंगणात नाही. शेवटी इस्त्रीच्या खोलीत सापडली. चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये एक लोखंडी खाट, खाटेखाली तिची बॅग, आणि खळीच्या डब्याशेजारी तुझ्या वडिलांचा फोटो. "इथे काय करतेस?" विचारलं, तर म्हणते, "सीझनमध्ये मी इथेच असते." "आणि तुझी खोली?" तर नुसतं वर बघितलं. म्हणजे एक नंबरची खोली, जिच्या खिडकीतून नदीपलीकडची देवळं दिसतात, जिच्यात मी तीन दिवस पाय ताणून पडले होते, ती माझ्या धाकट्या बहिणीची खोली. मला कोणी सांगितलंसुद्धा नाही.

बरं, तेही सोड. चौथ्या दिवशी मी तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर देवळांत, कालचं अर्धं राहिलंय. तर म्हणाली, "तू जाऊन ये ताई, मला चादरी आहेत." मी म्हटलं, चादरी रोजच्याच, आणि देवळं काय तू शंभरदा बघितली असशील. ती हसली. मग खोदून विचारलं तेव्हा कळलं. ती लग्न होऊन त्या गावात आली तेव्हा तिची वेणी कमरेखाली होती, आता केस पांढरे झाले, आणि ती नदीपलीकडे एकदाही गेलेली नाही. जगभरातले लोक जी बघायला तुमच्या गावात मुक्काम करतात, ती देवळं तिने फक्त खिडकीतून बघितली आहेत, आणि तीसुद्धा सीझन नसताना, कारण सीझनमध्ये खिडकी भाड्याने जाते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

का नाही गेलीस म्हटलं, तर उत्तर एकच. "सीझन संपला की नेतो, असं हे म्हणायचे. आता तो म्हणतो."

मग मी तुमच्या गल्लीत चौकशी केली. साबणवाली गेलेली नाही. समोरच्या लॉजमधली म्हातारी गेलेली नाही. मला सोडणारा ड्रायव्हरसुद्धा फाटकापर्यंत जातो आणि वळतो. सगळे सीझन संपायची वाट बघतात. आणि सीझन संपतो कशाने? वरच्या धरणाचं पाणी नदीत सोडतात, तो बुटका पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडचं फाटक बंद होतं. अरे, सीझन संपल्यावर देवळं उघडी असतात तरी का? सगळा जन्म हॉस्पिटलात मेट्रन म्हणून गेला माझा, "उद्या बघू" म्हणणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिले, पण अख्खं गाव असं पहिल्यांदाच बघितलं.

आता मुद्द्याचं. फाटकावर पाटी लागली आहे, तू वाचली असशीलच. पुढच्या वर्षीपासून कोणालाही देवळांच्या आत जाता येणार नाही. बाहेर चौथरा बांधतायत, तिथूनच बघायचं. म्हणजे मार्चअखेर पूल बुडाला की धाकटीचं आत जाणं कायमचं राहिलं. तेव्हा तिला घेऊन जा. या महिन्यात. तू स्वतः.

आता आशीर्वाद घे.

तुझी थोरली मावशी

*

१७ फेब्रुवारी

ती. मावशीस,

तुझे आशीर्वाद शेवटी मिळाले, तोवर मी अर्धमेला झालो होतो, तरी नमस्कार.

मावशी, उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. तू आठवडाभर आलीस, गेलीस. इथे धुण्याच्या दोन बायका काम सोडून गेल्या, बॉयलर दर दोन दिवसांनी रुसतो, हिची कंबर धरली आहे, आणि सगळ्या खोल्या भरलेल्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसं तुझं पत्र आलं.

आईला कोणी बांधून ठेवलेलं नाही. इस्त्रीची खोली तिनेच निवडली, तिथे ऊब असते म्हणून. सीझनमध्ये या गल्लीतलं प्रत्येक कुटुंब मागच्या खोल्यांत सरकतं. आजी सरकली, बाबा सरकले, मीही लहानपणी जिन्याखाली झोपलोय. त्यात अपमान शोधायचा तर तो तुझ्या शहरातून आणावा लागतो.

आणि देवळांचं म्हणशील तर आईला ती तोंडपाठ आहेत. तू सकाळी उशिरा उठायचीस म्हणून तुला ठाऊक नाही. न्याहारीच्या टेबलावर ती पाहुण्यांना सगळं समजावून देते. कुठल्या देवळात आधी जायचं, कुठल्या खांबाशी सकाळचं ऊन येतं, कुठे मान वर करून बघायचं. लोक तिचं ऐकायला पुन्हा आमच्याकडेच उतरतात. तिने प्रत्यक्ष बघितलेली नाहीत हे त्यांना माहीत नाही आणि ते त्यांना कळायची गरजही नाही. तेव्हा बघायचं असं तिचं राहिलंय तरी काय?

आणखी एक. राग आलाच आहे तर बोलून टाकतो. तू स्वतः इतक्या वर्षांत आमच्याकडे पहिल्यांदा आलीस. आल्याबरोबर बॅग टाकलीस आणि देवळांकडे पळालीस. आईला "चल" म्हणालीस ते चौथ्या दिवशी, तुझं अर्धं बघून झाल्यावर.

तरीही शब्द देतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गर्दी ओसरते. तेव्हा मी तिला स्वतः नेईन. आता तरी शांत हो.

तुझा
भाचेबुवा

*

२२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझ्या चिरंजीवांचं पत्र आलं. मला उंटावर बसवलंय. चौथ्या दिवशी बोलावलं म्हणून टोमणा मारलाय, तो मला लागला आहे, पण त्याचं मी माझं बघेन.

तुझ्यावरच चिडले आहे मी आता. तू तोंडात मिठाची गुळणी धरून का बसतेस? लहानपणी शेवटचा घास मी पळवला तर तू माझ्या दंडाला चावायचीस. व्रण आहे अजून. ती मुलगी कुठे गेली?

तो म्हणतो, शेवटच्या आठवड्यात नेतो. तुला पटतं का? मला नाही पटत. मी येते, आपण दोघी जाऊ. नुसतं हो म्हण. आणि ते पाहुण्यांना देवळं समजावून देण्याचं काय प्रकरण आहे? न बघितलेली देवळं तू सांगतेस कशी?

उत्तर लगेच लिही. "चादरी होत्या" हे कारण चालणार नाही.

ताई

*

२ मार्च

प्रिय ताई,

चादरी खरंच होत्या. आजही आहेत, त्यावरच कागद ठेवून लिहिते आहे, म्हणून अक्षर वाकडं.

मुलाला बोलू नकोस. तो वाईट नाही. त्याने जे बघितलं तेच तो करतो. हे गेले तेव्हा तो कॉलेजातून उठून काउंटरवर येऊन बसला, तेव्हापासून तिथेच आहे.

देवळं कशी सांगते ते सांगते, पण हसू नकोस. नवीन होते तेव्हा पाहुणे संध्याकाळी दमून यायचे आणि मी चहा देताना विचारायचे, काय बघितलंत? लोकांना सांगायला आवडतं. एकाने दार सांगितलं, एकीने छतावरची कमळं सांगितली. मी लक्षात ठेवायचे. दोघांचं जमलं नाही की तिसऱ्याची वाट बघायचे. असं करत करत सगळी जमली. मग एकदा एका बाईंनी सकाळी विचारलं, आधी कुठे जाऊ? मी सांगून टाकलं. संध्याकाळी त्या येऊन म्हणाल्या, अगदी तुम्ही म्हणालात तसंच. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासली.

कधीकधी पदरचंही घातलं. एकदा एका पाहुण्यांचं लेकरू रडायचं थांबेना, तेव्हा त्याला सांगितलं की शेवटचा खांब कोरा आहे कारण कारागिराची मुलगी त्याला जेवायला बोलवायला आली आणि तो हातोडा ठेवून उठून गेला. पोर गप्प झालं. पुढे तीही गोष्ट रोजच्यात गेली.

म्हणून भीती वाटते, ताई. तिथे गेले आणि मी सांगते तसं काहीच नसलं तर? उद्या सकाळी टेबलापाशी कुठल्या तोंडाने उभी राहू? न जाता सगळं ठीक चाललंय.

एक मात्र तू सांग. तू तर आत जाऊन आलीस. मोठ्या देवळात डाव्या हाताच्या खांबावर एक बाई आहे, तिचा हात कानापाशी आहे. निम्मे पाहुणे म्हणतात ती कानातलं घालते आहे, निम्मे म्हणतात काढते आहे. इतकी वर्षं हा निकाल लागलेला नाही. तू काय बघितलंस?

तू येऊ नकोस. तुझे गुडघे आणि इथली गर्दी. आणि हो, शेवटच्या आठवड्यासाठी एका मोठ्या ग्रुपचं बुकिंग आलंय, फोटो काढणारे लोक, पूर्ण लॉज घेतलंय त्यांनी. मुलगा बिचारा मला म्हणाला, आई, या वेळी एवढं सांभाळून घे. मी म्हटलं, बरं.

धाकटी

*

७ मार्च

धाकटे,

तुझं ते "बरं" वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शब्द दिला होता त्याने मला. लेखी. आणि तू "बरं" म्हणालीस. एकदा नवऱ्याला बरं, मग मुलाला बरं, आणि मधल्या मधे पूल बुडाला.

त्या कानातल्यावाल्या बाईचं मी तुला काही सांगणार नाही. एक अक्षरही नाही. तुझ्या लॉजवर उतरलेली मी आणखी एक पाहुणी नाही की तू माझ्याकडून ऐकून जमा करावंस. तुला बघायचंय ना? मग तुझे स्वतःचे डोळे आहेत.

आणि खोटं ठरायची भीती कोणाला वाटायला हवी? ज्यांनी तुला नेलं नाही, त्यांना. तुला कशाला?

गुडघ्यांना विचारलं, ते नाही म्हणाले. म्हणून मी येत नाही. तू एकटी जा. मला कारणं लिहून पाठवू नकोस.

ताई

*

१९ मार्च

मावशी,

झालं तुझं समाधान? काय भरवलंस तिच्या डोक्यात ते तुलाच ठाऊक, पण इथे काय झालं ते ऐक.

मंगळवारी सकाळी खाली आलो तर स्वयंपाकघर थंड. सगळे पाहुणे टेबलाशी बसलेले, अंडी टोपलीत तशीच, पाव कापलेला नाही. काउंटरवर कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा ठेवलेला. आई नाही. आम्ही आधी इस्त्रीच्या खोलीत बघितलं, मग गच्चीवर, मग ही रडायलाच लागली. मी नदीकडे पळालो, मनात काय काय आलं असेल ते तूच समज. शेवटी साबणवालीने सांगितलं, तुमची आई चांगली साडी नेसून बसच्या रांगेत उभी होती. प्रवाशांच्या रांगेत. माझ्याच गावात माझी आई तिकीट काढून गेली आणि मला ते साबणवालीकडून कळलं.

न्याहारीविना दोन खोल्या रिकाम्या झाल्या. बाकीच्यांची मी हात जोडून माफी मागितली. संध्याकाळी आई आली. मी विचारलं, सांगून जायचं नाही का? तिने इस्त्रीच्या खोलीतून आपली गादी उचलली, बाबांचा फोटो उचलला आणि जिना चढून एक नंबरमध्ये गेली. तिथे पाहुणे होते, मावशी. नवराबायको. आई त्यांना म्हणाली, ही माझी खोली आहे, तुमची सोय मुलगा खाली करेल. आणि ते बिचारे निमूट निघाले. सकाळी रिकाम्या झालेल्या खोल्या दुपारीच भरल्या होत्या, म्हणून त्यांना मी माझी खोली दिली. आम्ही दोघं इस्त्रीच्या खोलीत आहोत. तिथे ऊब नसते, मावशी. वाफ असते, आणि श्वास घेता येत नाही.

आज दोन दिवस झाले. ती सकाळी न्याहारी करते, पण पाहुण्यांनी देवळांबद्दल विचारलं की "जाऊन बघा" एवढंच म्हणते. लोक नाराज आहेत. ग्रुप चार दिवसांवर आलाय. तू चूल पेटवून दिलीस, आता तूच तिला काहीतरी लिही. माझं ती ऐकत नाही.

भाचा

*

२१ मार्च

प्रिय ताई,

मुलाने तुला काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, पण पाकीट चिकटवताना त्याचं तोंड बघितलं, त्यावरून समजले.

मी गेले. तुझं पत्र आल्यावर आठ-दहा दिवस तुझ्यावर धुमसत होते. मग मंगळवारी पहाटे कणीक मळायला परात घेतली आणि तशीच ठेवून दिली. सांगून गेले असते तर मुलाने अडवलं नसतं. "उद्या जा" म्हणाला असता, आणि मी बरं म्हटलं असतं. म्हणून सांगितलं नाही.

आधी देवळांचं सांगते. मी सांगायचे त्यातलं निम्मं बरोबर निघालं. कमळं छतावर नाहीत, भिंतीवर आहेत. उन्हाचं मात्र अगदी खरं. शेवटच्या खांबापाशी एक गाइड दहा-पंधरा लोकांना घेऊन उभा होता आणि कारागिराची गोष्ट सांगत होता. जेवायला बोलावणं आलं, हातोडा ठेवला, सगळं. वर म्हणाला, ही शेकडो वर्षांची दंतकथा आहे. मी म्हटलं, अहो, पण ही तर... तर मला म्हणाला, "बाई, मधे बोलू नका, मागे उभ्या राहा." राहिले मागे उभी. माझीच गोष्ट मला ऐकवली मेल्याने, आणि मुलीच्या जागी मुलगा घातला होता.

त्या बाईच्या खांबापाशी मी पुष्कळ वेळ थांबले. ती कानातलं काढते आहे. यात शंका घ्यायला जागाच नाही. घालताना आपण मान ताठ धरतो, आणि सगळं आवरून झाल्यावर काढायला बसलो की ती अशी कलते. डोळेसुद्धा अर्धे मिटलेले आहेत. इतक्या माणसांनी बघितलं आणि भांडत बसले. आणि ताई, तू तिच्याकडे बघितलंच नव्हतंस ना? मी ओळखते तुला. तू पिण्याच्या पाण्याची टाकी उघडी आहे म्हणून पहारेकऱ्याला झापत असशील.

आता जे सांगायला बसले ते सांगते. मी देवळांत रडले नाही की काही नाही. छान वाटलं. माझा राग आला तो बसमध्ये, आणि तोही जाताना. चौकातून बस सुटली, पूल ओलांडला, एक वळण घेतलं, आणि कंडक्टर म्हणाला, उतरा. मला वाटलं काहीतरी बिघडलं. म्हटलं, काय झालं? तो म्हणाला, आलं. मी मांडीवर चौकातून घेतलेल्या पोह्यांचा डबा घेऊन बसले होते, तो अजून गरम होता.

इतकंच होतं, ताई. मला वाटायचं, दिवस मोडतो, सोबत लागते, घरातला पुरुष मोकळा लागतो, म्हणून तर सीझन संपायची वाट बघायची. एवढं अंतर तर मी रोज जिन्यावरून चादरी नेताना चालत असेन. दुपारी स्वयंपाक आवरल्यावर जाऊन चहाच्या वेळेला परत आले असते. कुठल्याही दुपारी. हे स्वतः पाहुण्यांना बसचं सांगायचे, त्यांना ठाऊक होतं किती लांब आहे ते. आणि मला म्हणायचे, सीझन संपला की नेतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी एक नंबरमध्ये फोटो भिंतीला लावला आणि त्याच्यासमोर उभी राहून, दार लावून, जे बोलायचं ते सगळं बोलले. घसा बसला माझा. मग त्यांच्या मुलावरही रागावले, आणि शेवटी माझ्यावर, कारण बस चौकातून सुटते हे मलाही दिसत होतंच की.

काल साबणवालीला सांगितलं, समोरच्या म्हातारीला सांगितलं, पलीकडच्या दोन लॉजमधल्या स्वयंपाकाच्या बायकांना सांगितलं. त्यांनाही आधी खरं वाटेना. म्हातारी तर माझ्यावरच ओरडली, खोटं बोलतेस म्हणून. मग स्वतःच विचारलं, किती वाजता निघायचं. उद्या आम्ही सगळ्या जाणार आहोत. म्हातारीला खुर्चीत बसवून बसपर्यंत न्यायचं ठरलंय. उद्या आमच्या गल्लीत कुठल्याही लॉजमध्ये सकाळचा चहा मिळणार नाही. मालक लोक संध्याकाळी आमच्या काउंटरवर येऊन मुलाशी तावातावाने बोलून गेले. आईला आवरा म्हणाले.

ते गेल्यावर तो वर आला. मला वाटलं आता भांडेल, म्हणून मीही तयारीतच बसले होते. तो दारात उभा राहून खिडकीतून नदीपलीकडे बघत होता. जन्म इथला त्याचा, शेकडो पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडून आलाय. मग हळूच म्हणाला, "आई, आतून कशी आहेत गं ती?"

मी म्हटलं, "बस चौकातून सुटते."

धाकटी